पाळीविषयी चार उघड गोष्टी

उचल, मुकादम, खाडा हे शब्द आम्ही सभांतून हजारदा उच्चारले. पण खाड्याचे एक कारण आमच्या तोंडून कधी निघाले नाही. ते म्हणजे बायकांची पाळी. 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली; त्यांत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, खाडा केला की पैसे कापले जातात. मग दुखणे अंगावर काढावयाचे, आणि अखेर पिशवीच काढून टाकावयाची!

आमच्या कळंब-भूमकडूनही कोयते जातात. त्यांच्या लेकी आज महाविद्यालयांत, धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात शिकतात. त्यांना तरी या गोष्टीचे ज्ञान कोण देतो? देशातील अनेक पाहण्यांत सुमारे निम्म्या मुलींना पहिली पाळी येईतो तिची माहितीच नव्हती असे दिसले. घरी आई म्हणते, ‘कावळा शिवला, बाजूला बस.’ शाळेत तो धडा घाईने उरकला जातो.

वस्तुतः गोष्ट साधी आहे. गर्भाशयाच्या आत दर महिन्यास गर्भासाठी मऊ अस्तर तयार होते; गर्भ राहिला नाही की ते रक्तासह बाहेर पडते. 21 ते 35 दिवसांनी पाळी येणे आणि 2 ते 7 दिवस राहणे स्वाभाविक होय. हे रक्त नासके नव्हे. ज्या अस्तरात आपण सारे रुजलो, त्यास विटाळ कसे म्हणावे?

घडी कापडाची असली म्हणून वाईट नाही. ती साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवली की झाले. पण लाजेपायी ती पलंगाखाली, अंधारात वाळत घातली जाते, ओलीच वापरली जाते, आणि तेथून खाज व जंतुसंसर्ग सुरू होतो. म्हणजे रोग रक्तात नाही, लपवण्यात आहे. पॅडही चार-सहा तासांनी बदलावे लागते. त्यावरील 12 टक्के कर 2018 साली उठला. पण बदलावयास जागा नसेल तर स्वस्त पॅड काय कामाचे? त्या चार दिवसांत मुली पाणी पिणेच कमी करतात, नाहीतर घरी राहतात.

1948 च्या कारखाने कायद्याने स्त्रियांसाठी वेगळे संडास सक्तीचे केले. त्यासाठी आम्ही भांडलो, पण संडास नुसते मोजले. दाराला आतून कडी आहे काय, नळाला पाणी आहे काय, झाकणाचा डबा आहे काय, हे विचारावयाचे राहिले. ही चूक आमची.

म्हणून विनंती एवढीच. दर तासाला घडी भिजत असेल, पाळी सात दिवसांहून लांबत असेल किंवा वेदनेने उठवत नसेल, तर मुलीला डॉक्टरांकडे न्या. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून होकार देऊ नका. आणि आपल्या गावच्या महाविद्यालयात एकदा जाऊन ती कडी, तो नळ, तो डबा पाहून या.