पावसाळापूर्व घरनिचरा व्यवस्था (सिंधुदुर्ग)

पावसाळापूर्व घरनिचरा व्यवस्था म्हणजे नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होण्याआधी घराचे छप्पर, पन्हळी, अंगणातील चर, सांडपाण्याच्या वाहिन्या, शोषखड्डा, विहीर व नळजोडण्या यांची तपासणी आणि दुरुस्ती होय. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण किनारपट्टीवर, हे काम घरोघरी दरवर्षी करावे लागते.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होते. या हिशोबाने १०० चौरस मीटर छपरावरून १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी १०,००० लिटर, तर संपूर्ण हंगामात सुमारे तीन लाख लिटर पाणी खाली येते. या पाण्याला वाट मिळाली नाही, तर ते जोत्यात, भिंतीत किंवा विहिरीत शिरते.

काळ

पावसाळ्याच्या तोंडावरच्या दिवसांना कोकणात ‘आगोट’ म्हणतात. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते आणि त्यापूर्वी तयारी संपवण्याचा प्रघात आहे. मात्र ही मुदत दरवर्षी मिळतेच असे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्यावरील अनेक घरांची कौले व पत्रे उडाले. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्यातच जिल्ह्यात दाखल झाला. त्यामुळे छपराचे काम एप्रिलअखेर उरकणे अधिक सुरक्षित ठरते.

छप्पर आणि पन्हळी

कौलारू घराच्या दुरुस्तीला ‘शाकारणी’ म्हणतात. शाकारणीत कौले उतरवून झाडली जातात, फुटकी कौले बदलली जातात, कुजलेले वासे व रिपा काढल्या जातात आणि कोन्यांचे सांधे पुन्हा भरले जातात. कौलांवर साचलेला पालापाचोळा पाणी अडवतो व ते उलटे आत ढकलतो. म्हणून छपरावर आलेल्या फांद्याही छाटल्या जातात. पडवीत पावसाची झड येऊ नये यासाठी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधण्याची जुनी रीत आहे. आता त्याऐवजी ताडपत्री किंवा पत्रा वापरतात.

पूर्वी पागोळ्यांचे पाणी थेट अंगणात पडत असे. पन्हळ लावल्यास तिला दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतार ठेवतात आणि उभ्या नळाच्या तोंडाशी जाळी बसवतात. स्लॅबच्या घरात गच्चीवरील पाण्याची तोंडे पाचोळ्याने बंद झाली, तर पाणी साचून गळती सुरू होते. त्यामुळे एकापेक्षा अधिक तोंडे ठेवणे हितावह असते.

अंगण आणि चर

घराच्या वरच्या बाजूस, डोंगरउतारावरून येणारे पाणी अडवून बाजूला वळवणारा चर खणतात. घराभोवतीची जमीन जोत्यापासून बाहेर उतरती असावी लागते. चराचे पाणी जवळच्या व्हाळात सोडतात. व्हाळातील गाळ व कचरा काढणे हे एका घराचे काम नसून वाडीचे असते. वरच्या घराने आपला चर खालच्या अंगणात सोडला किंवा कोणी गडगा घालताना जुनी वाट बुजवली, तर शेजाऱ्यांत तंटा उभा राहतो. म्हणून गडग्यात पाण्यासाठी मोकळी जागा ठेवली जाते.

येथील जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून पाणी झपाट्याने झिरपते. पण त्याखालच्या मातीच्या थरावर ते अडते आणि उतारावर झऱ्यासारखे बाहेर पडते. गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या भिंती त्यामुळे दीर्घकाळ ओल धरतात.

सांडपाणी आणि शौचालय

भूजल वर आले की शोषखड्डा पाणी घेणे थांबवतो आणि शौचालयाचे पाणी मागे फिरते. म्हणून सेप्टिक टाकीतील गाळ उन्हाळ्यातच काढून घ्यावा लागतो. भर पावसात टाकी पूर्ण रिकामी केल्यास, विशेषतः तयार प्लास्टिकची टाकी, भूजलाच्या दाबाने वर उचलली जाऊ शकते. टाकीत विषारी वायू साठत असल्याने माणसाने आत उतरणे जीवघेणे असते. संरक्षक साधनांविना माणसाला अशा कामास लावण्यास २०१३च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

पावसाचे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडू नये, कारण त्याने टाकी भरून मैला बाहेर येतो. सखल भागातील वाहिनीवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवल्यास उलटा प्रवाह रोखता येतो.

विहीर आणि नळ

विहिरीचा कठडा उंच व भोवतालचा ओटा भेगारहित असावा लागतो. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर ठेवण्याचा सर्वसाधारण संकेत आहे. जांभ्यात झिरपा वेगवान असल्याने याहून अधिक अंतर चांगले. निर्जंतुकीकरणासाठी दर १,००० लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर (टीसीएल) वापरतात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असल्यास ते सुमारे २८,००० लिटर भरते व त्यास अंदाजे ७० ग्रॅम पावडर लागते. पावडर मिसळल्यानंतर किमान एक तास पाणी वापरत नाहीत. पंपाची मोटर व वीजजोडणी पुराच्या पातळीच्या वर ठेवतात आणि गळते सांधे आधीच बदलतात.

साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून पसरणारा हा आजार त्वचेवरील जखमांतून शरीरात शिरतो. त्यामुळे चर साफ करताना गमबूट व हातमोजे वापरणे आवश्यक असते.

किनाऱ्यावरील अडचणी

कर्ली नदी व अरबी समुद्र यांच्यामधील देवबागसारख्या रेताड, सखल पट्ट्यात पाणी लवकर मुरते. परंतु भूजल मुळातच उथळ असते. भरतीच्या वेळी गटारांचे तोंड पाण्याखाली जाते आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असल्यास निचरा ओहोटी लागेपर्यंत थांबतो. अशा ठिकाणी चर खोल करून फारसा उपयोग होत नाही. उंच जोते, जमिनीच्या पातळीच्या वर बांधलेले शौचालय आणि गंजरोधक नळ हे उपाय अधिक टिकाऊ ठरतात.