वहीचा समास आणि वेबपानाचे मार्जिन

नवी वही हाती आली की पहिले काम म्हणजे समास आखणे. डाव्या बाजूला एक उभी रेघ, आणि तिच्या पलीकडे उत्तर लिहायचे नाही. ही पट्टी कोरी असली तरी वाया जात नाही. प्रश्नाचा क्रमांक तिथे बसतो आणि बाईंचा शेराही तिथेच येतो. जुन्या हस्तलिखित पोथ्यांतही मजकुराच्या कडेने जागा सोडलेली असे आणि नकलताना सुटलेले अक्षर समासात लिहिले जाई.

वेबपान तयार करतानाही असाच समास सोडावा लागतो. त्याला मार्जिन म्हणतात. आपले वरच्या वर्गांतील विद्यार्थी वेबपाने करू लागले आहेत आणि पालक शाळेच्या सूचना मोबाईलवर वाचू लागले आहेत. म्हणून हा विषय दोघांसाठीही थोडा उलगडून सांगावा, असे आम्हाला वाटले.

सीएसएस म्हणजे काय?

वेबपानातला मजकूर एचटीएमएलमध्ये लिहितात. तो दिसावा कसा, म्हणजे रंग, आकार, अंतर हे सारे सीएसएसमध्ये सांगतात. सीएसएस म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स. होकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे बेर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती प्रसिद्ध झाली. सीएसएस रुळेपर्यंत जागा सोडण्यासाठी लोक न दिसणारी इवलीशी चित्रे किंवा रिकामे तक्ते पानात घालत. मार्जिनमुळे ती खटपट संपली.

भिंतीवरची तसबीर

वेबपानातला प्रत्येक घटक, मग तो परिच्छेद असो, शीर्षक असो वा चित्र, ब्राउझरच्या दृष्टीने एक चौकोनी पेटी असते. ती समजण्यासाठी भिंतीवरची तसबीर डोळ्यांसमोर आणा. मधले छायाचित्र म्हणजे मजकूर. छायाचित्राभोवतीचा पांढरा पुठ्ठा म्हणजे पॅडिंग. लाकडी चौकट म्हणजे बॉर्डर. आणि ही तसबीर व शेजारची तसबीर यांच्यामध्ये सोडलेली भिंत म्हणजे मार्जिन.

पेटीला रंग दिला तर तो पॅडिंगमध्ये दिसतो, मार्जिनमध्ये दिसत नाही, कारण भिंत तसबिरीची नसते. आतली जागा वाढवायची असेल तर पॅडिंग आणि शेजाऱ्यापासून दूर जायचे असेल तर मार्जिन, एवढे लक्षात ठेवले की निम्मे काम झाले.

आता हिशेब करू. मजकुराची रुंदी ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना पॅडिंग २०, बॉर्डर २ आणि मार्जिन १५. चौकटीसह रुंदी ३०० + ४० + ४ = ३४४ आणि मार्जिन धरून ३७४ पिक्सेल. रुंदी ३०० लिहिली असताना जागा ३७४ लागते, आणि ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाईलवर पान आडवे सरकवावे लागू शकते. यावर उपाय म्हणजे बॉक्स-सायझिंग या गुणधर्माला बॉर्डर-बॉक्स ही किंमत देणे. मग पॅडिंग आणि बॉर्डर ३०० मध्येच सामावतात आणि एकूण जागा ३३० लागते. मार्जिन मात्र तेव्हाही बाहेरच राहते.

चार बाजू, चार आकडे

मार्जिन चारही बाजूंना वेगवेगळे देता येते. मार्जिन हा शब्द, विसर्गासारखे चिन्ह आणि पुढे चार आकडे. त्यांचा क्रम घड्याळाच्या काट्याप्रमाणे असतो: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. दोनच आकडे दिले तर पहिला वर-खाली आणि दुसरा डावी-उजवीकडे लागू होतो. एकच दिला तर चारही बाजूंना तोच. हे सारे शब्द आणि अंक संगणकावर इंग्रजीतच टंकायचे. देवनागरी अंक सीएसएसला कळत नाहीत. आकडा आणि पिक्सेलची खूण यांच्यात मोकळी जागाही सोडायची नाही.

पेटीला ठरावीक रुंदी देऊन डावे-उजवे मार्जिन ‘ऑटो’ ठेवले तर उरलेली जागा दोन्हीकडे सारखी वाटली जाते आणि पेटी मध्यभागी येते. वर-खाली मात्र नेहमीच्या मांडणीत ‘ऑटो’चा अर्थ शून्य होतो.

दोन मार्जिने, अंतर एकच

इथे पुष्कळ विद्यार्थी अडतात. वरच्या परिच्छेदाचे खालचे मार्जिन १० आणि खालच्याचे वरचे मार्जिन १६ दिले, तर मधले अंतर २६ होईल असे वाटते. प्रत्यक्षात ते १६ होते. उभ्या दिशेने एकमेकांना भिडणारी दोन मार्जिने एकमेकांत मिसळतात आणि मोठे तेवढे उरते. एकाने म्हटले, ‘माझ्यापासून दोन हात दूर राहा’, आणि दुसऱ्याने म्हटले, ‘माझ्यापासून तीन हात’, तर तीन हातांत दोघांचेही समाधान होते. पाच हातांची गरज नाही. डाव्या-उजव्या मार्जिनांना हा नियम लागू नाही. फ्लेक्स आणि ग्रिड या मांडणीच्या पद्धतींतही आतल्या शेजारी पेट्यांची मार्जिने मिसळत नाहीत, त्यांची बेरीज होते.

कोऱ्या जागेचा अर्थ

एवढा खटाटोप केवळ पान सुंदर दिसावे म्हणून नाही. समजा, शाळेच्या पानावर दोन सूचना एकाखाली एक आहेत. पहिली सहावीच्या सहलीची, तिच्या शेवटी ‘अंतिम तारीख २५’. तिच्याखाली ‘इयत्ता दहावी, परीक्षेचे अर्ज’ हे शीर्षक आणि त्याखाली ‘अंतिम तारीख १५’. सर्व ओळींमधले अंतर सारखेच असेल, तर घाईत वाचणाऱ्या पालकांच्या नजरेत दहावीच्या डोक्यावरची २५ तारीखच भरते. शब्द सगळे बरोबर असूनही अर्ज दहा दिवस उशिरा पोहोचतो.

शीर्षकाच्या वर ३२ पिक्सेल आणि खाली फक्त ८ पिक्सेल मार्जिन दिले की हा घोटाळा टळतो. जे जवळ ते एकमेकांचे आणि जे दूर ते वेगळे, हे डोळ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. शीर्षक आपल्या मजकुराला चिकटून आणि आधीच्या सूचनेपासून दूर असावे, हाच मार्जिनचा खरा धडा आहे.

मोबाईलवर दुवे एकमेकांना खेटून असले की ‘प्रवेश अर्ज’ दाबताना ‘शुल्क’ उघडते. आजी-आजोबांना याचा त्रास अधिक होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत, बोटाने दाबायची जागा किमान २४ पिक्सेल रुंद व तितकीच उंच असावी, किंवा ती लहान असल्यास भोवती पुरेसे अंतर असावे, असे सांगितले आहे.

एका परिच्छेदातल्या ओळींमधले अंतर मात्र मार्जिनने वाढत नाही. त्यासाठी लाइन-हाइट हा वेगळा गुणधर्म आहे. आपल्या लिपीत वर वेलांटी, रफार आणि मात्रा, तर खाली उकार येतात. म्हणून मराठी मजकुराला ती अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त ठेवली तर वाचन सुखाचे होते.

आणि आपण हैदराबादकर! उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. मराठी पानावर प्रत्येक ओळीच्या आरंभी जागा सोडण्यासाठी ‘डावे मार्जिन’ लिहिले आणि तेच उर्दू सूचनेला वापरले, तर ती जागा ओळीच्या शेवटी जाते. म्हणून ‘डावे’ न म्हणता ‘ओळीच्या आरंभीचे’ असे सांगणारा मार्जिन-इनलाइन-स्टार्ट हा गुणधर्म आता सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो. एकच नियम दोन्ही लिप्यांना पुरतो.

करून पाहा

विद्यार्थी मित्रहो, आपल्या पानातील सगळी मार्जिने क्षणभर शून्य करा आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते पान वाचायला द्या. ती जिथे अडखळतील तिथेच जागा हवी आहे. मग एकेक आकडा वाढवत जा. पालकहो, सूचना वाचताना गोंधळ झाला तर शाळेला जरूर कळवा, दोष वाचणाऱ्याचा असतोच असे नाही. विश्वस्तांना विनंती एवढीच, की शाळेचे कोणतेही नवे पान संमत करण्यापूर्वी ते मोठ्या पडद्यावर पाहून थांबू नये, साध्या मोबाईलवरही वाचून पाहावे. बहुतेक घरांत ते तिथेच वाचले जाणार आहे.