परत येतं तेवढंच

रात्रीचे पावणेतीन. खिडकीवर पावसाचा असा मारा चालू आहे की शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. समोरच्या मॉनिटरवर कोकण किनाऱ्याची रेघ आहे, समुद्राकडून तिच्यावर चालून येणारे हिरवे-पिवळे पट्टे आहेत आणि बरोबर मधोमध, म्हणजे आम्ही बसलोय त्याच जागी, एक बारीक काळं भोक आहे. अडीचशे किलोमीटरवरचा पाऊस टिपणाऱ्या रडारला स्वतःच्या माथ्यावर कोसळणारा काही दिसेना.

"दिव्याखाली अंधार," ड्यूटीवरचे वरिष्ठ निरीक्षक म्हणाले आणि थर्मासमधला चहा ओतू लागले.

पावसाळ्यात मोबाइलवर रडारचं चित्र बघून छत्री घ्यायची की नाही ते ठरवणाऱ्यांपैकी मी एक. ते चित्र तयार कसं होतं हे पाहायला जुलैतल्या त्या रात्री मी किनाऱ्यावरच्या एका रडार केंद्रात जाऊन बसलो होतो. खोलीत तिघंच. सेवानिवृत्तीला टेकलेले हे वरिष्ठ, नोकरीत नुकतीच रुजू झालेली एक सहायक आणि मी.

गच्चीवरच्या पांढऱ्या घुमटात साडेआठ मीटर व्यासाची तबकडी फिरते. आधी क्षितिजालगत एक फेरी, मग मान जराशी उचलून दुसरी, मग तिसरी. अशा दहा फेऱ्यांत ती एकवीस अंशांपर्यंत वर पाहते आणि पुन्हा खाली येते. त्याहून वर पाहतच नाही. त्यामुळे रडारच्या डोक्यावर कुल्फीच्या कोनाच्या आकाराचं आकाश दर वेळी सुटून जातं. दर दहा मिनिटांनी हा फेरा नव्याने सुरू होतो.

फिरता फिरता तबकडी हाका मारत असते. एक हाक म्हणजे दहा सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरींचा एक स्पंद, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापुरता. त्या क्षणी यंत्राची ताकद साडेसातशे किलोवॅटच्या घरात असते. सेकंदाला असे सहाशे स्पंद जातात, तरी प्रत्येक इतका आखूड की सरासरी काढली तर साडेचारशे वॅट भरतात. घरातला मिक्सर याहून जास्त खातो. स्पंद गेला की यंत्र गप्प बसून कान देतं. अडीचशे किलोमीटर जाऊन परत यायला लहरीला सेकंदाचा सहाशेवा भाग लागतो, म्हणून सेकंदाला सहाशेच हाका. आधीच्या हाकेचं उत्तर यायच्या आत पुढची मारली, तर कोणतं उत्तर कुठल्या हाकेचं हे कळणार नाही. लांबच्या पावसाची ओ चुकून जवळच्या पावसाच्या नावावर मांडली जाते.

जे परत येतं त्याला इथे सगळे 'एको' म्हणतात. तो वॅटच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी क्षीण असतो. शिवाय तो ढगाचा नसतोच. ढग ज्या सूक्ष्म कणांचा बनलेला असतो, ते या लहरींना जवळजवळ पारदर्शक. लहर परत फिरवतो तो पावसाचा थेंब, आणि त्यातही मोठ्या थेंबाचीच मिजास. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की एको चौसष्टपट होतो. म्हणजे दोन मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या चौसष्ट थेंबांइतका आवाज करतो. पाणी मात्र त्याच्यात आठ थेंबांचंच. खरोखर ढगच बघायचा, तर मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या लहरींचं रडार हवं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तसं एक वाईजवळच्या मांढरदेवच्या डोंगरावर बसवलं होतं.

"मग हे लोक टीव्हीवर 'रडारवर ढग दिसले' म्हणतात ते?" मी विचारलं.

"म्हणू द्या. बँकेत आपण 'पैसे बघून आलो' म्हणतो, बघतो आकडे. तसंच."

आकडेच असतात हे. परत आलेली लहर आधी वाढवतात, मग तिची वारंवारता उतरवून तिचे आकडे करतात. प्रत्येक अर्ध्या किलोमीटरमागे दोन आकडे, ज्यांतून लहरीचा जोर कळतो आणि ती उंचसखलपणाच्या कुठल्या टप्प्यावर परत आली तेही कळतं. एका स्पंदाचं उत्तर बेभरवशाचं, कारण हवेतले असंख्य थेंब सतत जागा बदलतात. म्हणून तबकडी एक अंश फिरेपर्यंतची शंभरेक उत्तरं एकत्र करून सरासरी काढतात. लागोपाठच्या दोन उत्तरांत लहरीचा टप्पा किती सरकला, त्यावरून थेंब रडारकडे येताहेत की लांब जाताहेत ते कळतं. हेच ते डॉप्लर. यालाही हद्द आहे. या मांडणीत ताशी चोपन्न किलोमीटरच्या पुढचा वेग घड्याळाच्या काट्यासारखा फिरून उलट्या बाजूला जातो. ताशी सत्तरने अंगावर येणारा वारा ताशी अडतीसने दूर पळताना दिसतो. म्हणून हाकांची लय आलटून पालटून दोन प्रकारची ठेवतात आणि दोन्ही उत्तरं ताडून खरा वेग काढतात.

सहायकेने मला एक गंमत दाखवली. तिने गाळणी न लावलेलं चित्र उघडलं, आणि पूर्वेकडे पडद्यावर सह्याद्री उगवला. कडे, सुळके, मधल्या टेकड्या, शहरातल्या उंच इमारती, सगळे भडक लाल ठिपके होऊन दाटले. दुसऱ्या कळीवर ते नाहीसे झाले.

"डोंगर हलत नाही ना," ती म्हणाली, "म्हणून ज्याचा वेग शून्य, ते गाळून टाकायचं."

"आणि आडवा जाणारा पाऊस?" वरिष्ठांनी तिलाच विचारलं.

ती थांबली. रडारला फक्त आपल्याकडे येणं किंवा आपल्यापासून जाणं कळतं. समोरून आडव्या जाणाऱ्या सरीचा वेगही त्याच्या लेखी शून्य.

"तोही थोडा कापला जातो, सर."

"मग मला आधी न गाळलेलं दाखवायचं. सवय लाव."

ही सवय त्यांना जुन्या रडारवर लागली होती. तेव्हा खोलीला काळे पडदे असायचे. गोल काचेवर तबकडीबरोबर एक प्रकाशाची रेघ फिरायची आणि तिच्या मागे एको काही सेकंद उजळून विझत जायचे. ते विझायच्या आत काचेवर ठेवलेल्या पारदर्शक कागदावर मेणाच्या पेन्सिलीने त्यांची कड गिरवायची, वेळ टाकायची, कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. डोंगर आणि पाऊस काचेवर एकत्रच उमटायचे. गाळणी बघणाऱ्याच्या डोक्यात असायची. "कोणता ठिपका डोंगर, हे आम्हाला घरच्या भांड्यांसारखं पाठ होतं. नवा ठिपका आला की लगेच नजर जायची." त्या काळच्या काही रडारची लहर तीन सेंटिमीटरची होती. जवळच मोठा पाऊस असला की तो ती गिळून टाकायचा आणि त्याच्यामागचं सगळं कोरडं दिसायचं. चक्रीवादळाच्या दिवसांत ही चूक परवडणारी नव्हती. किनाऱ्यावर दहा सेंटिमीटरची लहर आली ती यासाठी.

मुळात या विद्येचा जन्मच कचऱ्यातून झाला. दुसऱ्या महायुद्धात विमानं शोधणाऱ्या रडारच्या पडद्यावर पावसाचे एको यायचे आणि चालक त्यांच्यावर वैतागायचे. युद्ध संपल्यावर कुणाला तरी तो वैतागच कामाचा वाटला. "त्यांचा कचरा तो आमचा माल," वरिष्ठ म्हणाले. "आता विमान दिसलं तर आम्ही पुसतो."

तोवर नवा फेरा पूर्ण झाला होता. आता यायचं ते चित्र, जे मोबाइलवर दिसतं. त्यात प्रत्येक ठिकाणी खालपासून वरपर्यंतच्या दहा थरांतला सर्वांत जोरकस एको घेऊन नकाशावर चपटा करून मांडतात. म्हणजे मोबाइलवर आपल्या गल्लीवर दिसणारा लाल ठिपका पाच किलोमीटर उंचीवर असू शकतो. तो खाली पडेलच असं नाही, आणि पडेल तेव्हा वाऱ्याने शेजारच्या तालुक्यात गेलेला असेल. उलटंही होतं. पृथ्वी गोल असल्याने सरळ जाणारा झोत जमिनीपासून उंच उंच होत जातो. अर्ध्या अंशाने निघालेला झोत अडीचशे किलोमीटरवर जवळपास सहा किलोमीटर उंच गेलेला असतो आणि चारेक किलोमीटर रुंद पसरलेला. मॉन्सूनमध्ये कोकणात कितीतरी पाऊस बुटक्या ढगांतून पडतो. लांबवर तो झोताच्या पायाखालून निसटतो, आणि चित्रात तिथे काहीच नसतं.

रंगांवरून मिलिमीटर काढायचं गणित तर आणखी नाजूक. मार्शल आणि पामर यांनी 1948 मध्ये कॅनडातल्या पावसाचे थेंब मोजून एक सूत्र दिलं, ते आजही जगभर वापरतात. त्या सूत्राने चाळीस डेसिबलचा एको म्हणजे तासाला साडेअकरा मिलिमीटर. उष्ण प्रदेशांसाठी वापरतात त्या सूत्रात तोच एको एकवीस मिलिमीटरच्या वर जातो, कारण तिथे मोठ्या थोड्या थेंबांपेक्षा लहान पुष्कळ थेंबांचा पाऊस असतो. एको तोच, पाऊस दुप्पट. म्हणून रडारचं उत्तर जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघावंच लागतं.

पण पर्जन्यमापक तरी कुठे कुठे ठेवणार? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73. एकाच शहराची दोन टोकं. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. त्या दुपारी शहरावर तो ढग मिनिटामिनिटाला कसा वाढत गेला, याची आजच्यासारखी फाइल आपल्याकडे नाही. मापक सांगतो किती पडलं. कसं पडलं, हे फाइल सांगते.

त्या फाइलीचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. तीनशे साठ अंश, प्रत्येक अंशावर पाचशे ठिकाणं, दहा फेऱ्या, आणि प्रत्येक ठिकाणी एकोचा जोर, थेंबांचा वेग व त्या वेगातला विस्कळीतपणा हे तीन आकडे. दर दहा मिनिटांना चोपन्न लाख आकडे, दिवसाला अशा एकशे चव्वेचाळीस फाइली. भरपूर वाटतं. पण त्याच दहा मिनिटांत रडारच्या कानावर आलेले मूळ आकडे छत्तीस कोटी होते. ते सरासरी काढून टाकून दिले जातात, कारण रोज साठवायचे तर जागा पुरणार नाही. सदुसष्टातला एक उरतो.

"मग उद्या कुणी चांगली गाळणी शोधली तर?"

"तर ती उद्याच्या पावसाला लागेल. आजचा पाऊस आज गाळला तसाच राहणार." त्यांनी खांदे उडवले. "कागदावर निदान आमची चूक तरी शिल्लक राहायची."

साडेतीन वाजता फोन आला. पुढच्या तीन तासांचा इशारा द्यायचा होता. वरिष्ठांनी मागची सहा चित्रं एकामागून एक फिरवली, न गाळलेलं चित्र शेजारी ठेवलं, उभ्या छेदात ढगांची डोकी किती चढलीत ते पाहिलं. समुद्रातला एक पट्टा त्यांनी बोटाने किनाऱ्यापर्यंत ओढत नेला, अगदी मेणाच्या पेन्सिलीने गिरवावं तसा, आणि जिल्ह्यांची नावं सांगितली. सहायकेने ती टंकली. एका जिल्ह्यावर पडदा मोकळा होता, तरी त्यांनी त्याचं नाव घातलं. तो झोताच्या पायाखालचा होता.

सहाच्या सुमारास पाऊस ओसरला. आभाळ मात्र शिशासारखं जड, सूर्याचा मागमूस नाही. पडद्यावर ईशान्येकडून पूर्वेला किंचित कललेली, केंद्रापासून थेट कडेपर्यंत गेलेली एक सरळ बारीक रेघ उमटली. मला वाटलं, यंत्र बिघडलं.

"सूर्य उगवला," वरिष्ठ म्हणाले. सूर्य स्वतःच या लहरी सोडतो आणि ढग त्यांना अडवत नाहीत. रेघेचा कोन आणि पंचांगातला सूर्याचा कोन जुळला, की तबकडी बरोबर दिशेला बघते आहे याची खात्री पटते.

रात्रभरात पडद्यावर आलेली ही एकच गोष्ट अशी होती, जिला कुणी हाक मारली नव्हती. सहायकेने रजिस्टर ओढून वेळ आणि कोन लिहिला. पुढच्या फेरीत रेघ पडद्यावरून गेली.