आरसा, ठिपका आणि डाळ मिलचा शाफ्ट

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये मशीन दुखायला लागलं की ते आधी कानाला कळतं. मुरलेला फिटर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि किती दिवस निघतील ते सांगून टाकतो. त्या कानाचा अपमान करायचा नाही. पण बिघाड किती मिलिमीटरचा, हे कान सांगू शकत नाही. ते काम उजेडाचं.

त्यातलं सर्वांत स्वस्त साधन कागदाचं आहे. मागेपुढे हलणाऱ्या चाळणीच्या अंगावर लहानमोठी वर्तुळं छापलेला स्टिकर चिकटवतात. चाळणी दोन्ही टोकांना क्षणभर थबकते, म्हणून डोळ्याला एका वर्तुळाची दोन दिसतात. 8 मिमी व्यासाची जोडी नुसती एकमेकांना टेकली, तर चाळणीचा झोका 8 मिमी. ना बॅटरी, ना वायर.

याहून बारीक मोजायचं तर आरसा हवा. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्यांनी अंधाऱ्या खोलीत गॅल्व्हनोमीटरसमोर दिवा आणि पट्टी मांडून ठिपक्याचा पाठलाग केलेला असतो. आरसा जेवढा वळतो, त्याच्या दुप्पट किरण वळतो. पट्टी 1 मीटरवर असेल आणि ठिपका 1 मिमी सरकला, तर आरसा अंशाच्या पस्तिसाव्या भागाएवढा वळला. पट्टी लांब नेली की ठिपका आणखी सरकतो. आणि प्रकाशाच्या या तरफेच्या दांड्याला वजन नाही. जर्मनीच्या पोगेनडॉर्फने 1826 मध्ये ही युक्ती सुचवली. आपल्याकडे अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत 1904 पासून टांगलेल्या चुंबकावरच्या आरशाचा ठिपका फोटोच्या कागदावर रेघ ओढत असे. ती वेधशाळा कुलाब्याहून तिथे हलली, कारण मुंबईत विजेची ट्राम येणार होती.

कारखान्यात हीच युक्ती ऑटोकॉलिमेटर नावाने येते. लेथच्या बेडवर आरसा ठेवून तो 100 मिमीच्या टप्प्यांनी सरकवतात. आरसा 1 आर्कसेकंद कलला, म्हणजे त्या टप्प्यात बेड सुमारे अर्धा मायक्रॉन वरखाली आहे.

खानदेशातल्या पंप, ब्लोअर आणि पाइपच्या एक्स्ट्रूडरना मात्र एवढी नजाकत लागत नाही. त्यांचं खरं दुखणं कपलिंगपाशी असतं. मोटरचा शाफ्ट आणि यंत्राचा शाफ्ट एका रेषेत नसले की बेअरिंग, सील आणि विजेचं बिल, तिन्ही भोगतात. डायल गेजने अलाइनमेंट करता येते, पण गेज धरणारी पट्टी स्वतःच्या वजनाने वाकते आणि तेवढी चूक मापात शिरते. लेसर किटमध्ये कपलिंगच्या दोन्ही बाजूंना एकेक डबी बसवतात, शाफ्ट फिरवतात. ठिपका किती भटकला त्यावरून शाफ्ट किती बाजूला, किती तिरका आणि मोटरच्या कुठल्या पायाखाली किती जाडीचा शिम घालायचा, हे पडद्यावर येतं. एक पाय अधांतरी असेल तर तेही कळतं. बोल्ट आवळला की तो पाय सगळी मोटर वाकवतो, आणि दोष बिचाऱ्या बेअरिंगवर जातो.

इथे आपलं ऊन मध्ये येतं. पायापासून शाफ्टपर्यंत 300 मिमी उंची असलेली बिडाची मोटर चालून 40 अंशांनी तापली, तर तिचा शाफ्ट सुमारे 0.13 मिमी वर उचलला जातो. सकाळी थंड असताना केलेली नेमकी अलाइनमेंट दुपारी चुकते. जाणता माणूस तेवढी वाढ आधीच सोडून ठेवतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या हवेचे थर किरणालाही वाकवतात, त्यामुळे लांबचं माप पहाटेच घ्यावं.

कंप मोजणारा लेसर व्हायब्रोमीटर परावर्तित प्रकाशाच्या वारंवारितेतला फरक पकडतो: लाल हेलियम-निऑन किरणासमोर पृष्ठभाग सेकंदाला 1 मिमी हलला, तर फरक सुमारे 3160 हर्ट्झ. भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वीज केंद्रात जनित्र मिनिटाला 3000 फेरे घेतं. तिथे कंपांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी, 4 किमी भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोतही टांगलेले आरसे किती कलले, हे पाहायला परावर्तित ठिपकाच वापरला आहे.

माझी तक्रार साधी आहे. जळगाव, अमळनेर, धुळ्याच्या महाविद्यालयांत दिवा-पट्टी आहे आणि हाकेच्या अंतरावर थरथरणारी मशीनं आहेत. दोघांची गाठ पडत नाही. प्राध्यापकांनो, प्रोजेक्टला मुलं मिलमध्ये पाठवा. मालकांनो, त्यांना आत घ्या. बेअरिंगच्या घरावर आरशाचा तुकडा घट्ट चिकटवा, 5 मीटर लांबून लेसर मारा आणि परतलेला ठिपका तेवढ्याच अंतरावरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्या. ठिपक्याची 1 मिमी रेघ झाली, तर ते घर सुमारे 20 आर्कसेकंद डुलतंय. लेसर मात्र मशीनच्या फाउंडेशनपासून वेगळ्या, न हलणाऱ्या भिंतीवर बसवा, आणि किरणात डोळा घालू नका.