व्यवहारज्ञानाचे त्रैराशिक

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी अधूनमधून एक गणित घालतो. दोरीवर टाकलेले ५ कपडे उन्हात वाळायला ५ तास लागले. तर ३० कपडे वाळायला किती तास लागतील? वहीत मान घातलेले काही विद्यार्थी झटकन ३० हा आकडा लिहून मोकळे होतात. मागच्या बाकावरची एखादी मुलगी मात्र हसून म्हणते, "सर, दोरी पुरली तर पाचच तास!" सावेडीच्या कडक उन्हात घरचे कपडे वाळत घालणाऱ्या त्या मुलीला हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नसते.

हे गणित माझे नव्हे. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ येजिन चोई यांनी २०२३ मध्ये एका जाहीर व्याख्यानात ते मांडले. त्या काळी सर्वांत प्रगत समजल्या जाणाऱ्या जीपीटी-४ या यंत्रणेने त्याचे उत्तर ३० तास असे दिले होते. वकिलीच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळवणारी ही यंत्रणा दोरीवरच्या कपड्यांपाशी अडखळली. यंत्राला व्यवहारज्ञान कसे यावे, या प्रश्नाचा चोई यांनी अनेक वर्षे ध्यास घेतला आहे.

प्रश्न जुना आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, यंत्राला बुद्धिमान म्हणावयाचे तर सामान्य माणसाला जे उघड दिसते ते त्यालाही अनुमानाने काढता आले पाहिजे. पुढे १९८४ मध्ये डग्लस लेनाट यांनी जगाविषयीचे साधे साधे ज्ञान नियमांच्या रूपाने यंत्रात भरण्याचा प्रचंड उपक्रम हाती घेतला. पाणी सांडले की ओले होते, मेलेला माणूस बाजारात जात नाही, अशा धर्तीच्या लक्षावधी विधानांचा साठा जमला. २०२३ मध्ये लेनाट यांचे निधन झाले, तोपर्यंत काम संपले नव्हते. आजच्या यंत्रणांनी दुसरा मार्ग धरला. नियम एकेक भरण्याऐवजी त्यांनी माणसाने लिहिलेला अफाट मजकूर पचवला.

परंतु अडचण नेमकी येथेच आहे. जे सर्वांनाच ठाऊक असते ते सहसा कोणी लिहून ठेवत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या पेरणीपूर्वी शेतकरी 'वापसा' आला की नाही हे पाहतो. जमीन ओली हवी, पण चिखल नको. तो मातीची मूठ दाबून पाहतो आणि क्षणात निर्णय करतो. वापसा या शब्दाचा अर्थ कोशात सापडेल. मुठीला जे कळते ते कोशात नाही. ज्या भाषेत मुळात लिखाणच कमी, त्या भाषेतील व्यवहारज्ञान यंत्रापर्यंत त्याहूनही कमी पोहोचणार, हे ओघानेच आले.

या दिशेने महाराष्ट्रात काहीच झाले नाही असे मात्र नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी, मराठी आदी भाषांतील शब्दांचे परस्परसंबंध दाखवणारे शब्दजाल उभे केले. त्यांच्याच गटातील आदित्य जोशी प्रभृतींनी २०१५ मध्ये इंग्रजी मजकुरातील उपरोध यंत्राने कसा ओळखावा, यावर संशोधन प्रसिद्ध केले. त्यांचे सूत्र विसंगतीचे होते : शब्द स्तुतीचे आणि प्रसंग त्रासाचा, असे दिसले की उपरोधाचा संशय घ्यावा. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री दिवे जातात आणि आई म्हणते, "अगदी वेळेवर गेली हो वीज!" या वाक्यात वाईट अर्थाचा एकही शब्द नाही. उपरोध कळायचा तर परीक्षा म्हणजे काय आणि अंधारात अभ्यास होत नाही, एवढे जगाचे ज्ञान आधी हवे. भाषा समजणे आणि जग समजणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हाच त्या संशोधनाचा मथितार्थ.

यावर कोणी म्हणेल, नवी यंत्रे कपड्यांचे गणित बरोबर सोडवतात. मग तक्रार कसली? तक्रार नाही, पण सावधगिरी हवी. ते गणित गाजले, त्याची चर्चा सर्वत्र छापून आली. म्हणजे तेही आता लिखित ज्ञानाचाच भाग झाले. खरी परीक्षा अद्याप कोणी न लिहिलेल्या प्रश्नाची असते, आणि संसारात असे प्रश्न रोज उभे राहतात.

आमच्या नात्यातील एका वृद्ध शेतकऱ्याचे अनुदान मध्यंतरी अडकले. सातबाऱ्यावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता. समोर बसलेल्या लिपिकाला हे आजोबा तेच, याविषयी तिळमात्र शंका नव्हती. "आजोबा, मला कळतंय हो, पण यंत्र घेत नाही," असे तो अजिजीने सांगत होता. ज्याच्यापाशी तारतम्य होते त्याच्यापाशी अधिकार नव्हता; ज्याच्यापाशी अधिकार होता त्याच्यापाशी तारतम्य नव्हते. यंत्र माणसाहून शहाणे होईल की काय, ही भीती दूरची आहे. यंत्राचे अपुरे शहाणपण प्रमाण मानून माणसाचे शहाणपण मोडीत काढले जाणे, हा धोका आजचा आहे.

अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी १९४५ मध्येच दाखवून दिले होते की, समाजाला लागणारे पुष्कळसे ज्ञान त्या त्या जागी, त्या त्या वेळी, त्या त्या माणसापाशी विखुरलेले असते. ते एका ठिकाणी गोळा करता येत नाही. म्हणून यंत्र कचेरीत अवश्य यावे, पण त्याचा निर्णय कारण नोंदवून बदलण्याचा अधिकार खिडकीमागच्या माणसाला असावा, आणि त्याची जबाबदारीही.

आम्हा शिक्षकांनाही यातून सुटका नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) त्रैराशिक आहे, आणि व्यस्त त्रैराशिक कोठे लावावे याचेही विवेचन आहे. नियम शिकवावा आणि त्याची हद्दही शिकवावी, ही आपली जुनी रीत. आज परीक्षेच्या धबडग्यात आपण नियम तेवढा ठेवला आणि हद्द सोडून दिली. वर्गात ३० तास असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी आणि तेच उत्तर देणारे यंत्र यांत मग फरक तो काय राहिला? यंत्राला व्यवहारज्ञान शिकवण्याचा प्रयत्न जगभर जोमाने चालू आहे. निदान आपल्या मुलांचे तरी ते आपण विसरायला लावू नये.