चुलीतील वाऱ्याचा बंदोबस्त

विस्तव मंदावला की फुंकणी हाती घ्यावी, हा आपल्या स्वयंपाकघरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दस्तूर. परंतु लाकडाचा प्रथम वायू करून मग तो जाळणाऱ्या चुलीस हाच दस्तूर सर्वस्वी मारक ठरतो, याची प्रचीती परसात पत्र्याचे दोन डबे एकात एक बसवून अशी चूल सिद्ध करताना पदोपदी येते. आतल्या डब्याच्या बुडाला मोजकी भोके व त्यांवर सरकती झडप, काठाखाली भोकांची सलग रांग, आणि दोन डब्यांमधल्या पोकळीतून तापत चढलेली हवा त्या रांगेवाटे आत शिरावी, एवढीच काय ती तजवीज. बोटाच्या पेराएवढ्या सुक्या ढलप्या रांगेच्या खालपर्यंत भरायच्या (भुसा नको, त्यातून वारा चालत नाही) आणि विस्तव मात्र वरून लावायचा.

१ किलो कोरडे लाकूड पुरते जळण्यास सुमारे ६ किलो हवा लागते. पैकी बुडातून द्यायची ती जेमतेम चतुर्थांश, बाकीचा वाटा वरच्या रांगेचा. झडपेशी बसले म्हणजे या हिशेबाचा खुलासा होतो. ती सताड उघडली की जळता थर भराभर खाली उतरतो, वायूचा लोट वरच्या हवेला आवरेनासा होतो आणि लांब, पिवळ्या ज्योतीने भांडे काजळीत माखते. उलट ती फार आवळली तर ज्योत मालवून दाट पांढरा धूर निघू लागतो, जो वस्तुतः न जळलेले इंधनच असल्यामुळे पेटती काडी दाखवताच भपकन पेट घेतो. या दोहोंच्या दरम्यान असे एक स्थान सापडते की ज्वाला ढलप्यांना सोडून काठाखाली वस्तीला जातात, आणि भोकाभोकातून जास्वंदीच्या पाकळीसारखी एकेक जिव्हा मध्याकडे झुकते. भोकांच्या संख्येविषयी हौशी मंडळी जो काथ्याकूट करतात, त्याहून हे स्थान ओळखणारी नजर मला अधिक मोलाची वाटते. भांडे मात्र थेट काठावर टेकवू नये. फट न ठेवल्यास वरची ओढ खुंटते आणि खालचा सारा बंदोबस्त व्यर्थ जातो.

डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची ‘संपदा’ शेगडी याच तत्त्वावर चालते, व स्वयंपाकाअंती कोळसाही हाती देते. ज्वाला आखूड व निळसर झाल्या की वायू सरला असे समजावे. उरलेला कोळसा धुमसताना वासही न येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड सोडतो. तेव्हा तो घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओतून विझवावा, आणि ही चूल बंद खोलीत कदापि पेटवू नये.