माथेरान : नाव आणि नगरपालिका

प्रस्तावना : रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात सुमारे ८०० मीटर उंचीच्या डोंगरावर वसलेले माथेरान हे महाराष्ट्रातील अत्यंत लहान नगरपालिका क्षेत्रांपैकी एक होय. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या अवघी ४,३९३ होती. प्रस्तुत लेखात या गावाच्या नावाचा व नगरपालिकेच्या जडणघडणीचा आढावा घेतला आहे.

नामव्युत्पत्ती : 'माथेरान' या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. पहिलीनुसार 'माथ्यावरचे रान' ते माथेरान. दुसरीनुसार 'मातेचे रान'. दुसरी व्युत्पत्ती स्वीकारल्यास 'त'चा 'थ' कसा झाला, हे सांगावे लागते. याउलट, सपाट माथा व त्यावरील दाट झाडी हे या डोंगराचे स्वरूप पाहता पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

शोधाचा प्रश्न : ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये माथेरानचा 'शोध' लावला, असे सर्वत्र नमूद केले जाते. तथापि, डोंगराच्या परिसरात ठाकर, धनगर व कातकरी समाजाची वस्ती होती आणि डोंगराला मराठी नावही होते. ज्या स्थळाला नाव आहे ते कोणाला तरी आधीच ठाऊक असते. म्हणून मॅलेट यांचे श्रेय गिरिस्थान म्हणून या जागेची उपयुक्तता हेरण्यापुरते मानणे उचित ठरेल. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात गिरिस्थानाच्या विकासास चालना मिळाली.

स्थलनामांतील दोन थर : लुईझा, अलेक्झांडर, शार्लोट ही नावे व्यक्तींची स्मृती जपतात. चौक व मलंग ही नावे मात्र पायथ्याचे गाव वा समोर दिसणारा गड दर्शवितात. पिसरनाथ हे ग्रामदैवताचे नाव आहे. एकाच डोंगरावर सत्तेची व रहिवाशांची अशी दोन नामावल्या नांदतात.

नगरपालिका : माथेरान नगरपालिकेची स्थापना १९०५ साली झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार चाळीस हजारांपर्यंत लोकसंख्येची नगरे 'क' वर्गात येतात. माथेरानची लोकसंख्या या मर्यादेच्या एकनवमांशाएवढीच आहे. २००३ मध्ये केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येथील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षांचा पर्याय देण्याचे निर्देश दिले. रान राखणे आणि श्रमिकांची उपजीविका सांभाळणे, अशी दुहेरी जबाबदारी या छोट्या संस्थेपुढे आहे.

समारोप : माथेरानचे नाव त्याच्या रानावरून पडले असे मानल्यास, रानाचे जतन हा नगरपालिकेच्या कारभारातील केवळ एक विषय राहत नाही, तो गावाच्या ओळखीचाच प्रश्न ठरतो. पर्यटकांसाठीच्या फलकांवर व माहितीपत्रकांत इंग्रजी नावांबरोबर स्थानिक नावांची व पूर्वीच्या रहिवाशांची नोंद झाल्यास हा इतिहास अधिक पूर्ण होईल.